सुभेदारांचं निलंबन

ती तक्रार आजही आठवते आणि आठवली की मला हसू आवरत नाही. निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलं होतं आणि नोएडातल्या एका सायबर मदत कक्षाचा मी प्रभारी होतो. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे मी मराठी असलो तरी वाढलो इकडेच. आमच्याकडे सकाळी दहापासून बाकांवर उतरलेल्या चेहऱ्यांची रांग लागायची. त्या दिवशी मात्र एक गृहस्थ बाकावर बसेचनात. कडक इस्त्रीचा शर्ट, चकाकते बूट, पांढऱ्या मिशा. आमचे मुन्शीजी, म्हणजे कक्षातले लेखनिक हवालदार, त्यांना तीनदा बसा म्हणाले. गृहस्थांनी उत्तर दिलं की निलंबित माणसाला बसायचा अधिकार नसतो.

कुठल्या खात्यातून काढलंय यांना, असं मनात म्हणत मी अर्ज वाचला आणि मग उलगडा झाला. हे सत्तरी ओलांडलेले निवृत्त सुभेदार, मूळचे साताऱ्याकडचे, आता मुलाकडे राहणारे. पलटणीतले चार जुने सोबती महाराष्ट्रात आपापल्या गावी. हे पाच म्हातारे रोज संध्याकाळी पाच वाजता एक लढाईचा ऑनलाइन गेम खेळायचे. सुभेदार टोळीचे कप्तान. कुणीतरी त्यांच्या खात्यात घुसलं आणि नेम आपोआप लावून देणारं बनावट सॉफ्टवेअर वापरून एकही गोळी फुकट न घालवता शत्रूचा फडशा पाडला. कंपनीने खातं निलंबित केलं आणि कारण लिहिलं, फसवणूक. पंधरा दिवसांनी माजी सैनिकांच्या टोळ्यांचे सामने होते. कप्तानच निलंबित म्हटल्यावर टोळी बाद होणार होती.

खरं सांगतो, मला हसू फुटत होतं. समोर त्या सकाळी आयुष्याची पुंजी गमावलेली माणसं बसली होती आणि हे गेमचं गाऱ्हाणं. पण माणूस काय हरवलं म्हणून येतो यापेक्षा, सांगताना त्याचा आवाज कुठे अडकतो तिकडे पोलिसाने लक्ष द्यावं.

"साहेब, अठ्ठावीस वर्षं नोकरी केली," सुभेदार म्हणाले. "सर्व्हिस बुकात लाल शाईची एक नोंद नाही. आन् ह्या वयात चारचौघांत फसव्या म्हणून शिक्का घेऊन मरायचं?"

मी हसू गिळलं आणि मुन्शीजींना रोजनाम्यात नोंद करायला लावली. कंपनीला पत्र गेलं. त्यात खात्यात कधी आणि कुठून प्रवेश झाला याचा तपशील मागितला. उत्तर येईपर्यंत मी पासवर्डकडे वळलो. कुणाकुणाला माहीत होता, असं विचारल्यावर सुभेदारांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. पासवर्ड सगळ्यांनाच माहीत असायचा. ते तो रोज सकाळी सहाला बदलायचे आणि चौघांना कळवायचे. पहाऱ्यावरच्या प्रत्येकाला त्या दिवसाचा परवलीचा शब्द ठाऊक पाहिजे, नाहीतर आपलाच माणूस आपल्यावर गोळी झाडेल, हे त्यांना पहिल्या वर्षी शिकवलेलं. रोज एका किल्ल्याचं नाव आणि पुढे तारीख. शिवाय गेममधली रोजची रसद दुपारच्या आत उचलावी लागते, सुभेदार गुडघे दाखवायला डॉक्टरकडे गेले तर दुसऱ्या कुणी उचलावी, ही सोय. आम्ही शाळाशाळांतून सांगत हिंडायचो की पासवर्ड सख्ख्या भावालाही देऊ नका. इथे एक माणूस तो रोजच्या हुकुमात काढत होता.

साहजिकच संशय चौघांवर गेला. मी एकेकाला फोन लावला. पहिल्याने मला झाडलं. दुसरा म्हणाला, लिहून घ्या, मीच केलं. तिसराही तेच म्हणाला. चौथ्याने तर तालुक्याच्या ठाण्यात हजर होतो म्हणून सांगितलं. एका गुन्ह्याचे तीन कबुलीजबाब, आणि तिघांपैकी एकालाही ते सॉफ्टवेअर कशाशी खातात हे सांगता येईना. कप्तानावरचा ठपका आपल्या अंगावर घ्यायचा एवढंच त्यांचं चाललेलं. मुन्शीजी म्हणाले, सरजी, असे आरोपी रोज मिळाले तर आपली चांदी होईल.

चौथ्या दिवशी खबर आली ती घरातूनच. सुभेदारांच्या सूनबाईंनी ऑफिसमधून दबक्या आवाजात फोन केला. "सर, बाबांना प्लीज सांगू नका मी बोलले म्हणून. पण ते पासवर्ड फळ्यावर लिहून ठेवतात यार. हॉलमध्ये, बिल्कुल समोर. विसरतात म्हणून."

मी त्याच संध्याकाळी साध्या वेशात त्यांच्या सोसायटीत गेलो. दारातून आत शिरलं की चपलांच्या कपाटावर छोटा पांढरा फळा, आणि त्यावर टपोऱ्या अक्षरांत त्या दिवसाचा किल्ला. घरचे सोडून फळा पाहणारी माणसं मोजली. कामवाली बाई सकाळी नऊला येऊन जायची आणि तिच्या मोबाईलमध्ये फक्त भजनं. राहता राहिले शेजारचे अवर सचिव. दिल्लीतल्या एका मंत्रालयातून त्या हुद्द्यावर निवृत्त झालेले, पुण्याचे, एकटे राहणारे. सुभेदारांचे जिगरी दोस्त. घराची एक किल्ली त्यांच्याकडेच असायची. मी बसलो होतो तेव्हा तेही आले. घरातले सगळे एकाच वेळी मतं देत होते आणि हे मात्र गप्प. मग कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाले, "मला बाबा त्या गेममधलं ओ की ठो कळत नाही."

न विचारता दिलेलं उत्तर मी नेहमी जपून ठेवतो.

दोन दिवसांत कंपनीचा तपशील आला. त्या दिवशी सुभेदारांच्या खात्यात दोन परके प्रवेश झाले होते. पहिला दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, त्याच इमारतीतून, लॅपटॉपवरून. दुसरा अर्ध्या तासाने, देशाबाहेरून. बनावट नेमबाजी झाली ती दुसऱ्या प्रवेशानंतर. हा कागद माझ्या आणि मुन्शीजींखेरीज कुणी पाहिला नव्हता.

आता अवर सचिवांना बोलावून दरडावलं असतं तर ते नियमांवर बोट ठेवून बसले असते. ज्याने पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या टिपण्यांत चुका काढल्या त्याला प्रश्न विचारू नयेत, मसुदा द्यावा. मी त्यांना चहाला बोलावलं. म्हटलं, कंपनीला मराठी-इंग्रजी निवेदन पाठवायचंय, आमची भाषा ठाणेछाप, तुम्ही जरा नजर टाका. मसुद्यात मी मुद्दाम लिहिलं होतं की अज्ञात इसमाने दुपारी चार वाजता मोबाईलवरून खात्यात प्रवेश केला.

सचिवांनी चष्मा लावला, खिशातून हिरव्या शाईचं पेन काढलं आणि ते रंगून गेले. दोन स्वल्पविराम दिले. एक वाक्य खाली ओढलं. मग 'चार वाजता' वर काट मारून शेजारी 'तीन वाजून दहा मिनिटांनी' लिहिलं. 'मोबाईलवरून' खोडून 'लॅपटॉपवरून' केलं. खाली लपेटदार सही ठोकून कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले की तथ्यं तपासल्याशिवाय काहीही पाठवत जाऊ नका.

मी त्या दोन दुरुस्त्यांवर बोट ठेवलं आणि विचारलं की ही तथ्यं त्यांनी कुठे तपासली.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग चष्मा काढला. डोळे भरले होते. "सलग अकरा सामने हरले होते हो ते," ते म्हणाले. "जेवायचे नाहीत धड. म्हटलं, त्यांच्या वाढदिवसाला एक तरी जिंकू दे."

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. एका साइटवर विजयाची हमी देणारा 'मदतनीस' मिळतो असं त्यांनी वाचलं. सुभेदार दुपारी झोपले असताना फळ्यावरचा शब्द पाहून घेतला, घरी जाऊन लॅपटॉपवरून एकदा खात्यात शिरून तो चालतो याची खात्री केली, मग साइट उघडली आणि तिने मागितलं म्हणून खात्याचं नाव आणि पासवर्ड भरला. सवयीप्रमाणे डायरीत वेळही लिहून ठेवली. पुढे काहीच झालं नाही म्हणून ते वाट बघत बसले. साइटवाल्यांनी तेवढ्यात खातं उचलून आपला माल त्यावर चालवून बघितला होता. निलंबनाचं कळल्यापासून हा माणूस रोज कबुली द्यायला सुभेदारांकडे जायचा आणि नुसतं वर्तमानपत्र वाचून परत यायचा.

आता पेच असा होता की सचिवांच्या लेखी जबाबाशिवाय कंपनीला पटणार नव्हतं की सुभेदार निर्दोष आहेत. जबाब म्हणजे त्यात नाव आलं, आणि सुभेदारांना कळणं आलं. सचिव एवढंच म्हणाले की त्यांना मीच सांगतो, तुम्ही नुसते बरोबर चला.

मी गेलो. सुभेदारांनी सगळं उभ्याने ऐकलं. चेहरा लालबुंद. मला वाटलं, आता पंचनामा करायची वेळ येते. ते आत गेले, फळा उचलून आणला आणि बाहीने पुसून टाकला. मग सचिवांना विचारलं, जेवलास का? सूनबाईंनी पानं घेतली. त्या दिवशी घरी थालीपीठं होती आणि मी ड्यूटीवर असूनही तीन खाल्ली, हे आता सांगायला हरकत नाही.

गुन्हा त्या साइटवाल्यांवर नोंदवला आणि सचिव त्यात साक्षीदार झाले. त्यांचा जबाब त्यांनी स्वतःच लिहिला. इतका निर्दोष जबाब मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. कंपनीचं उत्तर सामन्यांच्या आदल्या दिवशी आलं. खातं पूर्ववत, खातेदारावर फसवणुकीचा कोणताही ठपका नाही. मी पत्र स्वतः घेऊन गेलो. सुभेदारांनी चौघा सोबत्यांना व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि मला ते मोठ्याने वाचायला लावलं. मराठीत सांगा, म्हणाले. वाचून झालं तेव्हा पलीकडे चार गावांत चार म्हातारे टाळ्या पिटत होते. इकडे सुभेदार पहिल्यांदाच माझ्यासमोर खुर्चीत बसले.

टाळ्या थांबल्यावर पलीकडून प्रश्न आला की कुणी केलं हे, नाव सांगा, आम्ही बघतो त्याला. सचिव सोफ्याच्या टोकाला बसलेले, कॅमेऱ्यात न दिसणारे. त्यांनी मान खाली घातली. मी सुभेदारांकडे पाहिलं.

"पासवर्ड माझ्याकडनं फुटला," सुभेदार म्हणाले. "दोष माझा. दुसरं नाव नाही. चला, उद्या पाचला हजर राहा."

माझ्या नोकरीत शेकडो माणसं आपलं नाव धुऊन काढायला आली आणि बहुतेकांनी त्यावरचा डाग दुसऱ्याच्या अंगावर पुसला. तपासाचं आम्हाला पुष्कळ शिकवतात. हे कुणी शिकवलं नव्हतं, की इतक्या आटापिट्याने मिळवलेलं कोरं नाव माणूस दोन मिनिटांत मित्रासाठी पुन्हा मळवू शकतो आणि वर खुशीत राहू शकतो. त्यानंतर कुणाची तक्रार क्षुल्लक म्हणून मी बाजूला सारली नाही.

दुसऱ्या दिवशी मीही गेलो होतो बघायला. पहिल्याच सामन्यात सुभेदारांची टोळी सपाटून हरली. सचिव शेजारी बसून हिरव्या शाईने चुका टिपत होते आणि सुभेदार हसून हसून खोकत होते.