गाडीच्या दारावरची वल्ही

वेंडेल ओबर्स्ट हा आमच्या गावचा प्लंबर, आणि माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातला विद्यार्थी. लॅटिनमध्ये तो दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा मी त्याला पास केलं, कारण त्या हिवाळ्यात त्याने शाळेच्या तळघरातला बॉयलर चालू करून दिला होता. कुडकुडणाऱ्या मुलांना लॅटिन येत नाही, बॉयलर चालू करणाऱ्याला ते येण्याची गरज नाही, असा मी हिशेब केला. अजूनही मला तो बरोबर वाटतो.

आमचं गाव हॅकेट्स लँडिंग, ओहायो नदीच्या काठावर. पूल होण्याआधी इथे होडीने लोक पलीकडे जात, आणि त्या होड्यांवरच्या माणसांनी आपसात एक बंधुमंडळ काढलं होतं. कुणी बुडाला तर त्याच्या बायकापोरांना बाकीच्यांनी सांभाळायचं, एवढाच मूळ मुद्दा. पुढे पूल झाला, होड्या गेल्या, मंडळ मात्र राहिलं, आणि आसपासच्या राज्यांतही त्याच्या शाखा निघाल्या. मी सांगते आहे त्या वर्षी, म्हणजे एकाहत्तर साली, आमच्या शाखेत त्रेचाळीस नावाडी-बंधू होते. त्यांतल्या सहांना पोहता येत होतं आणि वल्हवता एकालाही येत नव्हतं.

मंडळाची खूण म्हणजे एकमेकांवर टाकलेली दोन वल्ही आणि मध्ये कंदील. ही खूण तुम्हाला गावात कुठेही दिसली असती. कोटाच्या कॉलरला बिल्ला, बोटात अंगठी, कमरेच्या पट्ट्याला बक्कल, कबरीच्या दगडावर कोरलेली, आणि गावाच्या वेशीवरच्या पाटीवर चर्चच्या प्रार्थनेच्या वेळांखाली. त्यांचं एक गुप्त हस्तांदोलनही होतं. ते इतकं गुप्त होतं की वेंडेलच्या बायकोने, ओपलने, आम्हा गोधडी शिवणाऱ्या बायकांना ते सुई हातात धरून करून दाखवलं होतं. बायकांना मंडळात घेत नसत. बायकांनी मंडळाच्या जेवणासाठी ‘पाय’, म्हणजे आत फळं भरलेले गोड पदार्थ, भाजून द्यायचे. मला पाय भाजता येत नाही, तेव्हा माझा त्या मंडळाशी तसाही संबंध नव्हता.

बाकीचे बंधू रविवारी बिल्ला लावत. वेंडेल रोज लावत असे. कामाच्या डगल्यावर, टोपीवर, आणि एकदा तर इस्पितळाच्या गाउनवर. आणि त्या वर्षी हिवाळ्यात त्याने आपल्या पांढऱ्या व्हॅनच्या दोन्ही दारांवर हाताने ही खूण रंगवली, चांगली तीन फूट रुंद. वल्ही पिवळी, कंदील लाल. वरती नाव: ‘ओबर्स्ट प्लंबिंग’. खाली फोन नंबर. चित्रकलेत तो लॅटिनपेक्षाही कच्चा. ती वल्ही आमटी वाढायच्या डावासारखी दिसत होती. पोस्टातल्या मुलीने त्याला विचारलं, आज सूप कसलं आहे.

मार्चमध्ये एका शनिवारी तो माझ्याकडे एक पत्र घेऊन आला. स्वयंपाकघराच्या खुर्चीच्या कडेवर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली. पत्र मंडळाच्या राज्य कचेरीचं होतं. मजकूर असा की नियम चौदाप्रमाणे मंडळाची खूण कुठल्याही धंद्याच्या जाहिरातीबरोबर वापरता येत नाही. बंधू ओबर्स्ट यांनी आपल्या वाहनावरचा हा प्रकार शाखेच्या वसंतातल्या वार्षिक जेवणाच्या आत बंद करावा. त्या दिवशी राज्याचे निरीक्षक स्वतः येऊन पाहतील. प्रकार चालू असल्यास बिल्ला परत करावा लागेल आणि नाव वहीतून कमी होईल.

“कुणी कळवलं?” मी विचारलं.

“क्लाइडने.”

क्लाइड पेटिबोन विमा विकायचा, आणि तोही नावाडी-बंधू. आता क्लाइड मला कधी आवडला नाही, पण खरं ते सांगितलं पाहिजे. चार वर्षांपूर्वी क्लाइडने आपल्या नावाच्या कार्डांवर ही वल्ही छापून घेतली होती, आणि मंडळाने त्याला अख्खं खोकं सभागृहामागच्या पिंपात जाळायला लावलं होतं. काडी पेटवून द्यायला वेंडेलच उभा होता. तेव्हा क्लाइडची तक्रार काही उगीच नव्हती.

मी पत्र दोनदा वाचलं आणि वेंडेलला म्हटलं, नियम स्पष्ट आहे, तू चुकलास, अर्ध्या तासाचं काम आहे, पांढरा रंग आण आणि ती वल्ही पुसून टाक. छातीवर बिल्ला आहेच की. सव्वीस वर्षांचं सदस्यत्व दोन डावांपायी घालवतोस का?

तो टोपीची कड फिरवत बसला. वर्गातही असाच बसायचा, आणि मला वाटायचं याला उत्तर येत नाही. मग त्याने मला अठ्ठावन्न सालच्या जानेवारीची गोष्ट सांगितली. ओपलने ती कधी सांगितली नव्हती, आणि ओपल काही सांगायचं बाकी ठेवणारी बाई नव्हे.

ते दोघं ओपलच्या बहिणीकडून परत येत होते. इंडियानात, मक्याच्या शेतांमधल्या रस्त्यावर, गाडी बंद पडली. बर्फ पडत होतं आणि धाकटी पोटात होती, सातवा महिना. वेंडेल रस्त्यात उभा राहून हात हलवत होता. दोन गाड्या आल्या आणि गेल्या. तिसरा एक धान्याचा ट्रक आला, तोही गेला. मग त्याच्या डोक्यात आलं की आपला बिल्ला ओव्हरकोटाच्या आत आहे. त्याने कोटाची बटणं काढली आणि छाती उघडी टाकून त्या वाऱ्यात उभा राहिला. गाडीतून ओपल ओरडत होती की थंडीने मेंदू गोठला का तुझा. पाऊण तासाने तो धान्याचा ट्रक उलट दिशेने परत आला. त्या शेतकऱ्याने दोघांना घरी नेलं, चुलीशी बसवलं, आणि मग स्वतःचा जाड कोट काढला. आत वल्ही आणि कंदील.

“तो माणूस रडायला लागला, बाई,” वेंडेल म्हणाला. “म्हणाला, मी पहिल्यांदा तुम्हाला टाकून गेलो. दहा मैल गेलो. बिल्ला दिसला असता तर तिथेच थांबलो असतो.”

मी निर्बुद्ध गोष्टी ऐकून घेत नाही, मग सांगणारा कितीही हळवा झालेला असो. मी विचारलं, “म्हणजे बिल्ला नसलेल्या माणसाने बर्फात मरायचं?”

“तेच तर,” तो म्हणाला. “त्याचा बिल्ला कोटाच्या आत होता ना. बाहेर असता तर त्याला कुणाहीपुढून तसं जाता आलं नसतं. लोक म्हणाले असते, बघा, वल्हीवाला चालला टाकून. मी पण गेलोय बाई असा, एकदा नाही, पुष्कळदा. कामाला उशीर होतो म्हणून. दारावर एवढं मोठं रंगवल्यापासून नाही जाता येत.”

तरी मी म्हटलं, नियम तो नियम. निरीक्षकांना मी तुझ्या वतीने विनंतीचं पत्र लिहून देते. तो म्हणाला, नको, अशी विनंती करून सूट क्लाइडला मिळाली नव्हती. आणि माझ्या सिंकखालची गळती, मी सांगितलेली नसताना, बंद करून गेला.

पुढचे पाच आठवडे गावाला दुसरा विषय नव्हता. न्हाव्याच्या दुकानात दोन तट पडले. वेंडेल वल्ही पुसत नव्हता आणि बोलतही नव्हता. ओपल गोधडीवर वाकून म्हणायची, “नवरा मेला तर त्याला पुरताना कोटाला काय लावू? नळाचं वायसर?” सगळ्या हसायच्या. मग ती हळूच म्हणायची की तो रात्री जेवत नाही नीट. त्याच्या बापाचा बिल्ला तो लावतो. तो परत करायचा म्हणजे पोस्टाने पाठवायचा की हातात द्यायचा, हे त्याने तिला दोनदा विचारलं होतं.

जेवण एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, चर्च सुटल्यावर, सभागृहात असतं. भाजलेलं हॅम, दुधातले बटाटे, आणि रूबार्बच्या आंबट देठांचे इतके पाय की टेबल वाकावं. मला बोलावणं नव्हतं. मी माझी बशी परत न्यायला म्हणून गेले. बशी माझी नव्हती.

निरीक्षक व्हिटलो हे पेशाने दंतवैद्य, उंच आणि थकलेले. त्यांनी सकाळपासून दोन शाखा आणि दोन हॅम पाहिले होते. सगळे पायऱ्यांवर उभे होते. क्लाइड चांगला इस्त्रीचा सूट घालून पुढे. वेंडेलची गाडी कोपऱ्यावरून वळली, आणि मला आधी पिवळा रंग दिसला. हा गाढव, मी मनात म्हटलं, हा काही सुधारायचा नाही.

गाडी पायऱ्यांसमोर थांबली. वल्ही तशीच होती, उलट पुन्हा रंगवून ताजी केलेली. पण त्यांच्या वर काही नव्हतं आणि खालीही काही नव्हतं. नाव गेलं होतं, फोन नंबर गेला होता. तिथे पांढऱ्या रंगाचे दोन पट्टे होते, बाकीच्या गाडीपेक्षा जरा जास्तच पांढरे.

माझ्या शेजारी ओपल उभी होती. ती इतकंच म्हणाली, “पहाटे पाचपासून घासत होता. मला वाटलं वल्हीच घासतोय.” तिच्या आवाजात हसू नव्हतं. पुलापलीकडच्या गावात गेल्याच वर्षी एक नवा प्लंबर आला होता, त्याच्या गाडीवर नाव आणि नंबर फूटभर अक्षरांत होते, आणि ओबर्स्टांच्या घरात तीन मुलं होती.

निरीक्षकांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग उलट दिशेने दुसरी मारली. मागचं दार उघडं होतं, आत पाइप आणि पाने होते. त्यांनी ते बंद केलं. “बंधू ओबर्स्ट, या गाडीवर कुठल्या धंद्याची जाहिरात आहे?”

“कुठल्याच नाही.”

क्लाइड पुढे आला. “ही गाडी कुणाची, तो काय काम करतो, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे, साहेब.”

“ते असेल,” निरीक्षक म्हणाले. “पण गावाला ठाऊक आहे ते पुसायला मी रंग कुठून आणू?” आणि मग त्यांनी वेंडेलकडे वळून विचारलं, “नाव काढलंस, वल्ही ठेवलीस. धंद्याचं काय करणार?”

वेंडेलने जरा विचार केला. “ज्याच्या घरात पाणी भरेल तो शोधत येईल,” तो म्हणाला.

निरीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं, वही मिटली आणि त्याच्याशी हात मिळवला, तोच गुप्त प्रकार, सगळ्या बायकांसमोर. क्लाइड तिथेच उभा राहिला. कुणीतरी त्याला कुजकं बोलेल म्हणून मी वाट पाहत होते, पण त्यानेच वेंडेलला विचारलं की पिवळा रंग उरला आहे का. पुढच्या आठवड्यात क्लाइडच्या निळ्या गाडीच्या दारावर वल्ही आली. त्याची वल्ही वल्ह्यासारखी होती. त्याने पेंटर लावला होता.

आता, हे एखाद्या बोधकथेत असतं तर वेंडेलचा धंदा दुप्पट झाला असता. तसं काही झालं नाही. त्या उन्हाळ्यात पुलापलीकडच्या प्लंबरने त्याची चांगली चार-पाच कामं नेली. ओपलने नवऱ्याशी एक आठवडा अबोला धरला, आणि मग स्वतःच बाजारात, चर्चमध्ये, न्हाव्याकडे त्याचा फोन नंबर सांगत फिरली. तिच्याइतकी मोठी जाहिरात कुठल्याच दारावर मावली नसती. सप्टेंबरपर्यंत गिऱ्हाइकं परत आली. पण त्याचं वक्तशीरपण जे गेलं ते गेलंच. कारण नाव-गाव नसलेली, दोन डाव रंगवलेली गाडी पाहून लोकांना वाटायचं की ही मदतीचीच गाडी आहे, आणि ते बिनधास्त हात करायचे. टायर पंक्चर झाला, हात केला. गाय रस्त्यात बसली, हात केला. एका म्हाताऱ्याने तर त्याला थांबवून सूपच मागितलं, आणि वेंडेल त्याला घरी घेऊन गेला.

ऑगस्टमध्ये माझ्या स्वयंपाकघरातला पाइप फुटला. मी सकाळी नऊला फोन केला. ओपल म्हणाली, निघाला. दहा वाजले, अकरा वाजले. मी बादली भरत होते, ओतत होते, आणि जन्मात उच्चारले नव्हते असे शब्द लॅटिनमध्ये उच्चारत होते. साडेअकराला गाडी दारात आली. मी बादली घेऊनच बाहेर गेले, त्याला चार शब्द सुनवायला.

वेंडेल उतरला. मागचं दार उघडलं, आणि पाइपांच्या मधून एक बाई उतरली, मग तिचा नवरा, मग एकाला एक लागून तीन पोरं, सगळी घामेजलेली, त्यातल्या सगळ्यात लहानाने वेंडेलची टोपी घातलेली. त्यांची गाडी हमरस्त्यावर तापून बंद पडली होती. ते केंटकीहून आले होते आणि सकाळपासून उपाशी होते.

“बाई,” वेंडेल म्हणाला, “आधी पाइप करू की आधी यांना कुठे सोडून येऊ?”

मी त्याच्याकडे पाहिलं, त्या पोरांकडे पाहिलं, आणि घरात किती अंडी आहेत ते आठवलं.

“आधी पाइप,” मी म्हटलं. “तुम्ही सगळे आत या. आणि पाय पुसू नका, खाली पाणीच आहे.”