वाफसा येईपर्यंत

आमचे हे सिहोऱ्याला लग्नाला गेले आणि ट्रॅक्टरवर बसून परत आले. हे सांगितलं की लोकांना वाटतं, राजश्री तिखटमीठ लावून सांगून राहिली. नाही बाप्पा, एक अक्षर वाढवलेलं नाही! संध्याकाळी फाटकाशी भडभड आवाज झाला, मी पदराला हात पुसत बाहेर आले, तर अंगात सफारी सूट, कपाळावर लग्नातलं कुंकू, आणि माझा नवरा एका बुटक्या लाल ट्रॅक्टरवर बसून हॉर्न वाजवून राहिलेला. परतीची बस चुकली, स्टँडजवळ जुन्या अवजारांचं दुकान दिसलं, वेळ जात नव्हता म्हणून आत शिरले. झालं. लग्नातल्या लाडवांचा डबा मात्र दुकानातच विसरले.

मी फाटकातच तोंड सोडलं. "आपल्याला शेत नाही, वावर नाही, तुळशीची एक कुंडी आहे. तिच्यात फिरवता का आता हा?"

"लोकांच्या बागा करून देईन," हे म्हणाले. "छोटा आहे, कोणत्याही फाटकातून आत जातो."

पुढचं तोंडावर आलेलं मी गिळलं. कारण फार दिवसांनी या माणसाच्या तोंडून सलग दोन वाक्यं निघाली होती.

आमचे हे, म्हणजे मुरलीधर, या हिंदी मुलखातल्या गाड्यांच्या फॅक्टरीत टेस्ट ड्रायव्हर होते. फौजेसाठी बनलेली नवी गाडी बाहेर पडली की आधी यांच्या हातात यायची. ती दगडांवरून न्यायची, चढावर उभी करायची, आणि मुद्दाम केलेल्या चिखलाच्या खड्ड्यातून बाहेर काढायची. "माझ्या हातची गाडी कधी फसली नाही," हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले. मग रिटायर झाले, हार-नारळ घेऊन घरी आले आणि गप्पच झाले. सकाळी व्हरांड्यात जाऊन बसायचे ते दिवेलागणीला उठायचे. पेपर नाही, टीव्ही नाही, कोणाशी भांडण नाही. माझ्याशीसुद्धा भांडत नव्हते, बोला! भाजीत मीठ जास्त झालं तरी मुकाट्यानं जेवायचे. मुलगी चैत्राली फोनवर विचारायची, बाबा कसे आहेत, तर मी म्हणायची, छान आहेत. आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात रडायची. हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत विझून राहिला आणि आपल्याला काही करता येत नाही, याची मला फार भीती वाटायची.

म्हणून म्हटलं, ट्रॅक्टर तर ट्रॅक्टर. माणूस उठला न!

आणि काय उठला! सकाळी चहाच्या आधी ट्रॅक्टर पुसणं. सोबत दोन अवजारं आली होती. एक फणांचा कल्टिव्हेटर, म्हणजे जमीन उकरायला लोखंडी दाते. दुसरा रोटाव्हेटर, गोल फिरणाऱ्या पात्यांचा, माती बारीक करायला. ती काढायची, ग्रीस लावायचं, पुन्हा जोडायची. शेजारचे योगेंद्र भैया रोज कुंपणावर हात टेकून बघायचे आणि म्हणायचे, "दादा, इतनी सेवा तो हमने अपने बाप की नहीं की."

पहिलं काम गणपतीत मिळालं. मंडळाच्या आरतीला संपदा नावाची एक मुलगी यायची. कोल्हापूरची, इथल्या कॉलेजात नुकतीच शिकवायला लागलेली. तिला राहायला जुना बंगला मिळाला होता आणि मागे भली मोठी मोकळी जागा. जन्म फ्लॅटमध्ये गेलेला, त्यामुळे तिला त्या जागेचं वेडच लागलं होतं. मेथी लावीन, मुळा लावीन, टोमॅटो लावीन. ट्रेमध्ये कोबीची रोपंसुद्धा करून ठेवली होती.

"काका, तुम्ही माती तयार करून द्याल?"

"रविवारी येतो," हे म्हणाले. घरी येईपर्यंत छाती वीतभर फुगली होती.

रविवारच्या आधी दोन दिवस पाऊस पडला. आम्ही गेलो तर तिथली काळी माती नुसती चकचकून राहिली होती. मी एक पाऊल टाकलं आणि चप्पल तिथेच राहिली. संपदा म्हणाली, "काका, पुढच्या रविवारी करूया का?" हे कदाचित हो म्हणालेही असते. पण सोबत आलेले योगेंद्र भैया बोलून गेले, "रहने दो दादा, फँस जाएगी."

फँस जाएगी! या माणसाला फसेल म्हणायचं? आमच्या ह्यांच्या अंगातच आलं. बाह्या सारल्या, रोटाव्हेटर जोडला आणि घातला ट्रॅक्टर चिखलात. चाकांनी गारा उडाला, योगेंद्र भैयांचा पांढरा कुर्ता गेला, माझी साडी गेली. पण ट्रॅक्टर कुठे अडला नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा आडवा, पुन्हा उभा. शेवटी सगळी जागा शिऱ्यासारखी मऊ, गुळगुळीत. संपदानं टाळ्या वाजवल्या, चहा झाला, भजी झाली. हे घरी येताना शीळ वाजवून राहिले होते. मीही खूश होते, खोटं काहून बोलू?

मग ऊन पडलं. चांगलं आठवडाभर कडक ऊन. आणि संपदाचा फोन आला, "काका, एकदा येऊन बघता का?" आम्ही तसेच गेलो.

मागचं अंगण पाहून तोंडचं पाणी पळालं. सगळी जमीन वाळून तडकली होती आणि भट्टीतल्या विटांसारखी ढेकळंच ढेकळं. ह्यांनी खुरपं मारलं, तर टणकन आवाज झाला आणि खुरप्याचं टोक वाकलं. त्या पोरीनं ट्रेमधली रोपं तेवढी उचलून सावलीत ठेवली. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर ह्यांनी ट्रॅक्टर धुतला, त्यावर ताडपत्री टाकली, दोरीनं घट्ट बांधली आणि व्हरांड्यात जाऊन बसले. जेवायला बोलावलं तर म्हणाले, "वाढ."

तो एक दिवस मी सहन केला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. हातात लाटणं होतं ते घेऊनच बाहेर आले.

"फॅक्टरीत गाडी फेल झाली तर काय करत होते तुम्ही?"

हे म्हणाले, "काय करणार? चूक कशात आहे ते साहेबाला सांगायचं."

"मग?"

"मग दुरुस्त करायची. परत ट्रायल."

"मग इथे बसून काय करून राहिले? इथे कोणती ट्रायल चालू आहे?"

मी पुन्हा पोळ्या लाटायला गेले, तोच चपला घातल्याचा आवाज आला. मीही पोळ्या तशाच टाकून मागे गेले, कारण या माणसाचा भरवसा नव्हता. संपदाच्या दारात उभे राहून हे म्हणाले, "गाडीची चूक नाही. माझी आहे. ओल्यात घालायची नव्हती, मी घातली. मला आणखी एक ट्रायल दे."

तिनं आधी पाणी आणून दिलं. मग म्हणाली, "घ्या की, काका. जागा कुठं पळून चाललीय?"

आता दुरुस्ती कशी करायची, हे मात्र आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. मी रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, मला मातीचं काय कळतं! काटोलला माझा मावसभाऊ जगन्नाथ शेती करतो, त्याला स्पीकरवर फोन लावला. सगळं ऐकून तो इतका हसला, इतका हसला की मला वाटलं फोन कटला.

"अवो भाऊजी, तुम्ही तर भाताची चिखलणी करून ठेवली! कोबी लावता का धान?"

मग नीट सांगितलं. ढेकळांवर हलकं पाणी शिंपायचं, भिजून फुगू द्यायची आणि मग थांबायचं. वाफसा यायला पाहिजे. म्हणजे जमीन ओलीही नाही आणि वाळलेलीही नाही, अशी अवस्था. "मूठभर माती दाबायची. गोळा झाला पाहिजे, आणि कमरेच्या उंचीवरून सोडला तर फुटला पाहिजे. नाही फुटला तर मुकाट्यानं घरी जायचं."

पाणी मारलं आणि आमच्या ह्यांची फेरी सुरू झाली. सकाळी संपदाकडे, संध्याकाळी संपदाकडे. माती दाबायची, सोडायची, मान हलवायची, परत यायचं. वाटेत कोणी विचारलं, "कहाँ चले दादा?" तर उभे राहून वाफसा समजावून सांगायचे. हिंदीत त्याला काय म्हणतात ते माहीत नाही, म्हणून हातवारे करून. गल्लीतले लोक ह्यांना पाहून रस्ता बदलायला लागले.

रविवार आला. ह्या वेळी संपदानं कॉलेजातल्या चार जणांना बोलावलं होतं, मंडळातले दोघं-तिघं होते, योगेंद्र भैया जुना कुर्ता घालून आले होते. कल्टिव्हेटर जोडलेला, ट्रॅक्टर उभा. हे खाली उतरले, मूठ दाबली, सोडली. गोळा पडला तो तसाच. दुसऱ्या कोपऱ्यातली माती घेतली. तीही फुटली नाही.

"अरे दादा, अब चलाओ भी!" कोणीतरी ओरडलं. "डर गए क्या?"

सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ह्यांच्याकडे बघत होते. आता चालवला तर बाग पुन्हा गेली. आणि न चालवता मान खाली घालून घरी आले, तर माणूस गेला. ह्यांचा हात स्टीअरिंगपर्यंत गेला. मी मनात नर्मदामाईला हात जोडले.

ह्यांनी किल्ली काढली आणि सरळ येऊन माझ्या हातात ठेवली.

"तुझ्याजवळ ठेव," हे हळूच म्हणाले. "माझ्याजवळ राहिली तर मी चालवीन."

मग लोकांकडे वळून मोठ्यानं, "आज नहीं होगा. मिट्टी तैयार नहीं है. चाय पियो और घर जाओ." आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच चहाला जाऊन बसले. बशीत चहा ओतून मजेत भुरके मारून राहिले होते! किल्ली मुठीत धरून मी तिथेच उभी. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

मंगळवारी मूठ सोडली आणि गोळा फुटला. बघायला कोणी नव्हतं, संपदाही कॉलेजात होती. मी किल्ली दिली. हे पहिल्या गिअरमध्ये, अगदी सावकाश, आधी फणांनी गेले, मग वरवर रोटाव्हेटर फिरवला. मी मागून मातीतून वर आलेले जुन्या विटांचे तुकडे वेचत होते. मध्येच ट्रॅक्टर बंद करून हाक मारली, "राजश्री, हात घाल इथे."

मी घातला. मनगटापर्यंत आत गेला. माती भुसभुशीत, गार.

"कशी झाली?"

मला कोणी कधी असं विचारलं नव्हतं. फॅक्टरीतल्या गाड्या पास का फेल, ते हे स्वतः ठरवायचे. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंसुद्धा नाही. "छान झाली हो," म्हटलं.

"संपदाच्या ओळखीचे एक सर आहेत, कुंडमला," हे म्हणाले. "त्यांचीही जागा करायची आहे. उद्या जायचं."

"ट्रॅक्टर एवढ्या लांब नेता?"

"ट्रॅक्टर राहू दे घरी. आधी माती पाहावी लागते," हे म्हणाले. "तू चल."