सुमनची उत्तरं मी दिली

१. आज सकाळी पंधरा वर्षांच्या सुमनला, माझ्या बहिणीला, मानसोपचाराच्या ओपीडीत नेलं.
२. तिच्या झोपेचा आठवड्याचा तक्ता मीच भरला होता.
३. डॉक्टरांनी तिला चार प्रश्न विचारले. चारही उत्तरं मी दिली.
४. ती उठली. "ताईलाच गोळ्या द्या, तिला सगळं माहीत आहे," म्हणाली आणि बाहेर गेली.

मैत्रिणींनो, सातपूरच्या कारखान्यात मी सुटे भाग तपासते. त्यांना काही विचारावं लागत नाही. सुमनला विचारायचं राहूनच गेलं, याचं वाईट वाटतं.

मंगळवारी तिला आईसोबत पुन्हा बोलावलंय. "तू नसशील तरच येईन," ती म्हणते. एकटीने न्यायला आई घाबरते.

ही वही आपल्या पाचजणींतच फिरते, म्हणून विचारते: कोणी त्यांच्यासोबत जाईल का? फक्त बाहेर बाकावर बसायचं. शनिवारपर्यंत कळवा.