‘तिला सांगू नको’: लोहगडाखालची एक ग्रामसभा

१४ ऑक्टोबर. उन्हाळ्यानंतर इथे काही लिहिलंच नाही, माफ करा. फिरणं चालू होतं. लिहावंसं वाटत नव्हतं. आज वाटतंय.

माझी भाची ईरा कर्णबधिरांच्या सांकेतिक भाषेची दुभाषी व्हायला शिकतेय. लोहगडाच्या वाटेवर भजी-ताकाचा स्टॉल लावणाऱ्या सुनंदाताईंनी तिला ग्रामसभेला बोलावलं होतं. त्या पुण्यातल्या कर्णबधिरांच्या शाळेत दहावीपर्यंत शिकलेल्या. स्टॉलच्या जागा आज ठरणार होत्या आणि त्यांची मोक्याची जागा दिराला हवी होती. मी नुसती ड्रायव्हर.

जाणाऱ्यांसाठी: तळेगाव, कामशेत, मळवली, मग भाजे. पुढचा चढ पहिल्या गिअरचा. रविवारी जाऊ नका.

ईरा रस्ताभर बोटांनी खुणा घोकत होती. कान्हे गावातल्या शिबिरात तिने एका सासूचं टोचून बोलणं कर्णबधिर सुनेला गोड करून सांगितलं, म्हणून तिला शिकवणाऱ्या सरांनी झापलं होतं.

“मावशी, कानावर पडेल ते सगळं पोचवायचं. त्यांचं बोलणं ‘मी’ म्हणूनच बोलायचं. जमेल मला?”

“जमेल,” म्हटलं. खात्री नव्हती.

सभा देवळासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. सरपंचबाईंनी विषय काढताच दीर उठले. “वैनी तयार हायेत. घरात बोलणं झालंय.”

सुनंदाताईंचे हात झरझर हलले. ईरा बोलली, “मला कुणी विचारलं नाही. मी जागा सोडणार नाही.”

“आता पुण्याची पोरगी भजी तळनार व्हय?” मागून कुणीतरी ओरडलं. शेड हसली. ईराचे कान लाल झाले, पण तिने तेही हातांनी सांगितलं. सुनंदाताईसुद्धा हसल्या.

मग दीर ईराकडे वाकले. “पोरी, तिला सांगू नको, पन तिला धंद्यातलं काय कळतंय? दादा गेल्यापास्नं आमीच पोसतोय.”

ईराचे हात मांडीवर थांबले. मी तिची ओढणी ओढणार होते: राहू दे, भांडण पेटेल. तिने हात उचलले आणि सगळं सांगितलं. ‘तिला सांगू नको’सुद्धा.

सुनंदाताई दिराकडे वळल्या. मग सावकाश हात हलले, मागोमाग ईराचा आवाज: “भावजी, तुमच्या पोराची फी माझ्या कढईतनं जाते.”

या वेळी कुणी हसलं नाही. जागा सुनंदाताईंकडेच राहावी असं वाटणाऱ्यांना सरपंचबाईंनी हात वर करायला सांगितले. दिराचा सोडून बहुतेक वर गेले. “जागा सुनंदाचीच. लिवा,” त्या म्हणाल्या.

नंतर सुनंदाताईंच्याच स्टॉलवर पिठलं-भाकरी खाल्ली. दीडशेला ताट, ताक वेगळं; चुकवू नका. मी ईराला म्हटलं, “विचार ना, आता घरी त्रास होईल का त्यांना?”

“त्यांच्याकडे बघून विचार, मावशी.”

विचारलं. सुनंदाताईंनी भजी उलटली, झारा ठेवला आणि उत्तर दिलं. ईरा म्हणाली, “आज रात्री कळेल मला.”

आता घरी आहे. ईरा दमून झोपलीय. तिने केलं ते बरोबरच. पण आम्ही गाडीत बसून निघून आलो आणि सुनंदाताई त्याच घरात गेल्या, हे डोक्यातून जात नाही. त्यांचा नंबरही मी घेतला नाही. दिवसभर सगळं ईरामार्फत.

उद्या: ईराकडून नंबर घेऊन सुनंदाताईंना स्वतः मेसेज करणे, रात्र कशी गेली?