तिसऱ्या सिलेंडरचं खाकरणं

माणूस मेल्यावर त्याचा आत्मा कुठे जातो यावर जगात मतभेद असतील, पण आमच्या भाटव्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती: तो त्याच्या गाडीच्या इंजनात जाऊन बसतो. भाटवे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तेलंगणातल्या निर्मल गावी त्यांचं गॅरेज होतं. आलेल्या गाडीचं बोनट उघडण्याआधी ते चपला काढायचे आणि हलकेच विचारायचे, "कोण हाय बाप्पा आत?" मग उत्तर आल्यासारखी मान डोलवायची, आणि त्यानंतरच पान्याला हात. तिथल्या खेळणी घडवणाऱ्या कारागिराकडून त्यांनी एक लाकडी कांडी करून घेतली होती. तिचं एक टोक इंजनाला, दुसरं कानाला लावून डोळे मिटून ऐकत बसायचे. एकदा एका जीपमध्ये त्यांना तेलुगूत अंगाई म्हणणारी बाई ऐकू आली. जीपवाला ढसाढसा रडला. आई नुकतीच वारली होती म्हणे. ते बघून भाटवेही रडले, आणि रडत रडत त्यांनी कार्बोरेटरमधला कचरा काढला. गाडी सुरू झाली.

अशा माणसाला आमचे बाबा जावई मानतील, हे कसं व्हावं! त्यांना कचेरीतला मुन्शी हवा होता, ताईने काळ्या हातांचा मिस्त्री आणला. भाटवे दारात आले की बाबा तीनदा खाकरायचे, दोन आखूड आणि एक लांबलचक, आणि पेपरात तोंड खुपसायचे. तसं ते रोज शेतातून आल्यावरही उंबऱ्यात खाकरायचे, आणि पाण्याचा तांब्या घेऊन आतून येता येता आई म्हणायची, "आली बरं!" पण जावयाशी त्या खाकरण्यापलीकडे आठ वर्षांत त्यांनी एक शब्द काढला नाही.

बाबा गेले, आणि त्यांची जुनी पिकअप माझ्याकडे आली. भैंसा गावच्या बाजाराला जाताना नाल्यापुढे सागाच्या झाडीत एक चढाचं वळण लागतं. शेजारीच मसनवटी, बाबांना तिथेच अग्नी दिला होता. सकाळचं धुकं असायचं, कापूस भरलेला असायचा, शेजारी आई बसलेली. आणि बरोब्बर त्या वळणावर गाडी मिसिंग मारायची, आचके द्यायची. खक्, खक्, खऽऽक्. दोन आखूड, एक लांब. माझ्या अंगावर सर्रकन काटा यायचा. आई मात्र पदर सावरून मसनवटीकडे बघत शांतपणे म्हणायची, "आली बरं." पुढे पुढे तर घरात मीठ-मिरची भरलेली असली तरी ती बाजाराला निघायची. तिला काय हवं होतं ते मला कळत होतं हो! पण एका बाजारच्या दिवशी तिसऱ्या खकेला इंजन पार बंद पडलं, आणि भरली गाडी आईसकट नाल्याकडे मागे मागे जाऊ लागली. चाक एका धोंड्याला अडलं म्हणून वाचलो. त्याच दिवशी मी भाटव्यांना निरोप धाडला.

जावई अंगणात गाडीखाली शिरणार म्हटल्यावर आईची कोण धांदल! जावयाने भुईवर लोळायचं म्हणजे घराची शोभाच. तिने गाडीखाली दिवाळीची सतरंजी अंथरली, उशाला लोड दिला, आणि दर घटकेला वाकून विचारू लागली, "जावईबापू, गरम भजे देऊ का?" भाटव्यांनी इंजन सुरू ठेवून एकेका प्लगची वायर उपसून पाहिली. पहिली काढली, इंजन लडखडलं. दुसरी, चौथी, तसंच. तिसरी काढली तर काही फरकच नाही. "तिसरा सिलेंडर बोलत नाही," ते पुटपुटले. मग दुसऱ्याचा प्लग तिसऱ्याला लावून पाहिला, तरी मुकाच. शेवटी त्यांनी काळी घोंगडी मागितली, बोनटवर पांघरली आणि मला आत ओढलं. भर दुपारी त्या अंधारात मी पाहिलं, तिसऱ्या वायरवरून एक निळी ठिणगी सरपटत लोखंडावर उतरत होती. थांबायची, पुन्हा उतरायची. भाटव्यांनी अंधारातच हात जोडले.

वायरला एक चिंधी लोंबत होती. बाबांच्या उपरण्याची! घासलेली वायर त्यांनी तिने लोखंडापासून दूर बांधून ठेवली होती. ते गेल्यावर ती सुटली आणि कोणी पुन्हा बांधली नाही. चढाला इंजन एका अंगाला झुकायचं, वळणावर तीन खड्डे, खड्ड्यागणिक वायर लोखंडाला टेकायची, आणि त्या दिवशी ती टेकलेलीच राहिली. इतकंच. भाटव्यांनी नवी वायर घातली. चिंधी धुऊन आईच्या हातात दिली. आई म्हणाली, "आता नाही खाकरणार?" भाटवे खाली मान घालून पाने पुसत राहिले.

पुढच्या बाजाराला गाडी त्यांनीच चालवली. धुकं होतं. वळण आलं, तीन खड्डे गेले, इंजन एका सुरात चाललेलं. आईने मसनवटीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा उतरला की मला त्या नव्या वायरचा राग आला. तेवढ्यात गाडीत कोणीतरी खाकरलं. दोन आखूड, एक लांब. हुबेहूब बाबा! मी झटकन वळून पाहिलं. भाटवे समोर रस्त्याकडे बघत होते, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. आठ वर्षं त्यांना सासऱ्याकडून तेवढंच तर मिळालं होतं. आईने पदर सावरला. मग म्हणाली, "आली बरं, जावईबापू."

त्यानंतर गॅरेज बंद ठेवून भाटवे दर बाजाराला निर्मलहून यायचे. मी म्हणायचो, "भाटवे, गाडी तं ठीक हाय, काऊन येता?" ते म्हणायचे, "इंजनचा काय भरोसा, साळेबुवा?"

आई गेली, तिलाही तिथेच अग्नी दिला. नंतरच्या बाजाराला आम्ही दोघंच होतो. वळणावर भाटवे सवयीने खाकरले. आम्ही दोघांनी शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. त्यांनी गाडी थांबवली, चपला काढल्या, बोनट उघडलं आणि कांडी कानाला लावून किती तरी वेळ ऐकत राहिले. मग डोळे पुसत म्हणाले, "चारी सिलेंडर बोलून राह्यले, बाप्पा. काहीच खराबी नाही."