दुपारची जिम

नव्या गृहसंकुलांत जिम कुठे असावी, योगवर्ग किती वाजता भरावा, हे ठरवणं माझं काम. परवा अशाच एका सोसायटीत भर दुपारी गेले, तर रिकाम्या जिममध्ये एक आजोबा व्यायामाच्या सायकलवर बसलेले दिसले. पेडल स्थिर, नजर काचेबाहेर.

"रोज येता?" मी विचारलं.

"रोज. सुनेचं घरूनच ऑफिस चालतं. मी खोकलो की फोनवर पलीकडच्यांना ऐकू जातं. इथं कसं, खोकलं तरी चालतं."

दाराजवळच्या वहीत दुपारच्या रकान्यात एकही सही नव्हती.

"सही नाही करत?"

"व्यायाम करत नाही, तर सही कशाची करू? खोटं कसं लिहायचं?"

आमच्या आराखड्यांतली माणसं सगळी धावणारी, वाकणारी, हात वर केलेली. नुसतं बसलेलं माणूस मी आजवर एकदाही काढलेलं नाही. कुणाला वजन उतरवायचंय, ते आम्ही फॉर्म भरून घेऊन विचारतो. घरातली दुपार कुणाला जड जाते, हे विचारायला त्या फॉर्मवर रकानाच नसतो.

निघताना दारावर माझीच नोटीस दिसली. ती वही बघूनच मी गेल्या आठवड्यात लिहून दिली होती: दुपारी कुणी येत नसल्याने सोमवारपासून जिम अकरा ते चार बंद.

"वाचली मी," आजोबा मागून म्हणाले. "बरोबरच आहे हो. एकट्यासाठी एवढे दिवे कशाला जाळायचे?"

आणि आलेला खोकला त्यांनी दाबला.