रेस कुणी दिली?

रेखा साइतो मूळची साताऱ्याची. जपानमधल्या निशी-कसाईत राहून सॉफ्टवेअरची नोकरी करत होती, तिथंच दाइसुके भेटला. लग्नानंतर काही वर्षांनी दोघांनी नोकऱ्या सोडल्या आणि निगाताच्या डोंगरात त्याच्या वडिलांचं लॉज चालवायला आले. हिवाळ्यात लॉजचा रस्ता बर्फाखाली गडप होतो. मग भाजीपाला, पाहुण्यांच्या बॅगा, सगळं खालच्या गावातून स्नोमोबिलवर, म्हणजे पट्ट्यावर धावणाऱ्या बर्फगाडीवर, वर आणायचं. ते काम दाइसुकेचं. पण या जानेवारीत छपरावरचा बर्फ ढकलताना तो घसरून पडला, खांद्याचं हाड मोडलं, आणि गाडी रेखाच्या हाती आली.

डोंगरातल्या भुसभुशीत बर्फात ही गाडी बसून चालवता येत नाही. उभं राहून, सगळं अंग एका बाजूला टाकून ती वळवावी लागते. रेखा त्या घरात सगळ्यांत उंच. जुनं हँडल धरलं की ती भातलावणीला वाकल्यासारखी दिसायची आणि संध्याकाळी पाठ धरून बसायची.

"हँडल बदलू या," ती म्हणाली.

"माझी सगळी हयात त्याच हँडलवर गेली," सासरे पुटपुटले. त्यांना ती ओतोसान म्हणायची.

पण दाइसुकेनं मनावर घेतलं. त्यानं तिला बंद गाडीवर उभं केलं, हातात झाडूचा दांडा दिला आणि पाठ ताठ राहील अशा उंचीवर तो धरायला लावला. मग दोघं लॅपटॉपवर हँडलं बघत बसले. फार रुंद घेतलं तर वाटेतल्या देवदारांना घासणार, अरुंद घेतलं तर वळवायला जड. शेवटी रेखानं मधल्या रुंदीचं, जुन्यापेक्षा चांगलं वीतभर उंच हँडल निवडलं. ते आलं, तिनं स्वतःच बसवलं. दाइसुके एका हातानं पाने देत होता. हँडल सरळ धरून इंजिन सुरू केलं, रेस दिली, सोडली. सगळं ठीक.

दुसऱ्या दिवशी ती गाडी घेऊन निघाली. पाठ ताठ, नजर लांबवर. तिला फार बरं वाटलं. लॉजजवळच्याच ओढ्याकाठच्या वळणावर तिनं वेग कमी केला, अंगठा रेसच्या खटक्यावरून उचलला आणि हँडल पूर्ण डावीकडे वळवलं.

इंजिन किंचाळलं. गाडी कुणीतरी मागून लाथ घातल्यासारखी उसळली, बर्फाचा बांध फोडून ओढ्याकडे झेपावली. रेखा फेकली गेली. मनगटाला बांधलेली, निघताच इंजिन बंद करणारी सुरक्षेची दोरी गाडीतून उपटली गेली म्हणून ते थांबलं, नाहीतर गाडी खालीच गेली असती. गाडीचं नाक काठाबाहेर लोंबकळत होतं. खाली काळं पाणी वाहत होतं. रेखाच्या तोंडून "आई गं" एवढंच निघालं. दाइसुके झोळीतला हात सांभाळत, बर्फात मांडीपर्यंत रुतत धावत आला, तेव्हा ती स्वतःच्या उजव्या अंगठ्याकडे बघत बसली होती.

"मी रेस दिली नव्हती," ती म्हणाली. "अंगठा वर होता."

ओतोसान घरी ऐकून म्हणाले, "घाबरल्यावर माणूस मूठ आवळतो. त्याला कळतही नाही. माझा धाकटा भाऊ शिगेरु असाच गेला. घाबरला आणि दाबली रेस. सगळ्या गावाला माहीत आहे."

दाइसुकेनंही तिची बाजू घेतली नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. रात्रभर तो क्षण आठवून आठवून तिला स्वतःच्याच अंगठ्याची खात्री वाटेनाशी झाली. पण ऑफिसात ती एक गोष्ट शिकली होती: बिघाड पुन्हा घडवून दाखवल्याशिवाय कुणी मानत नाही. शेजाऱ्यांनी गाडी ओढून आणल्यावर तिनं तिची मागची बाजू ओंडक्यांवर उचलून घट्ट बांधायला लावली, पट्टा अधांतरी. बापलेकांना बाजूला उभं केलं. इंजिन सुरू केलं, उजव्या हाताची बोटं पसरून सगळ्यांना दाखवली आणि नुसत्या तळव्यानं हँडल डावीकडे रेटलं.

इंजिन किंचाळलं. पट्टा गरगरा फिरू लागला. खटक्याला कुणाचंही बोट लागलेलं नव्हतं.

तिनं इंजिन बंद केलं. दाइसुकेनं वाकून पाहिलं. रेसची केबल जुन्याच मापाची होती. उंच हँडल पूर्ण वळलं की ती तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली जात होती आणि आपोआप रेस ओढत होती. "मी वळवून बघायला हवं होतं," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

ओतोसान मात्र एका उलट्या बादलीवर बसले.

"शिगेरुनं त्याच आठवड्यात नवं हँडल बसवलं होतं," ते म्हणाले. "उंच. मला दाखवायला आणलं होतं."

"तसंच झालं असेल असं नाही, बाबा," दाइसुके म्हणाला. " ती गाडी तर कधीच भंगारात गेली."

"पण त्याला भित्रा म्हणालो ना आम्ही."

लांब केबल येईपर्यंत रेखानं जुनं हँडल परत बसवलं. ते बसल्याबरोबर ओतोसान म्हणाले, "मला खाली चियोकडे ने." चियो म्हणजे शिगेरुची बायको. रेखानं त्यांना मागे बसवून, प्रत्येक वळणावर वेग अगदी कमी करत नेलं. ओतोसाननी दारातच, बूटही न काढता, सगळं सांगितलं.

चियोकाकू ऐकत राहिल्या. त्यांच्या हातात पुसायचं फडकं होतं, ते तसंच राहिलं.

"पोरगा लहान होता तेव्हा," त्या म्हणाल्या, "झाडावर चढायला घाबरायचा. मी त्याला म्हणायचे, बापासारखा भित्रा होऊ नकोस. कितीदा म्हणाले असेन."

त्या आत गेल्या. या, बसा म्हणायचंही त्यांना सुचलं नाही. ओतोसान दाराची चौकट धरून उभे राहिले.

आतून फोन लावल्याचा आवाज आला.

"केन्जी? आई बोलतेय. कामात आहेस का? असलास तरी ऐक."